तालमीतला पडदा : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आमच्या मंडळाने ऑक्टोबरमध्ये लावलेल्या सिनेमाच्या खेळाचं काय झालं ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर सांगता येईल.

'संत तुकाराम' लावला होता. पेठेतल्या कुस्तीच्या तालमीच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये अठ्ठेचाळीस माणसं आली, मध्यंतरानंतर सतरा उरली. आजच्या बैठकीत बहुतेकांचं म्हणणं पडलं की जुने सिनेमे आता लोकांना बघवत नाहीत, नवीन काहीतरी लावू. मला ते पटत नाही, आणि ते मी बैठकीत बोललो.

त्या दिवशी मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. पडद्यावरचा तुकाराम आडवा पसरलेला होता. जवळजवळ चौकोनी चित्र आम्ही रुंद पडद्यावर ओढून बसवलं होतं, त्यामुळे विष्णुपंत पागनीसांचा तो शांत, लांबट चेहरा ओळखू येत नव्हता. आवाज मंडपवाल्याच्या स्पीकरच्या दोन डब्यांतून, हॉलच्या दोन कोपऱ्यांतून येत होता. अभंगाचा एक शब्द संपायच्या आत आधीचा भिंतीवर आपटून परत यायचा. खिडकीतून चौकातल्या दिव्याचा उजेड थेट पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर पडत होता.

१९३६ साली हाच सिनेमा मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून जास्त चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तो आमच्या पेठेत पाऊण तासात पडला असेल, तर सिनेमा जुना झाला असं म्हणण्याआधी आपण तो कसा दाखवला हे बघायला पाहिजे. आणि हे कोल्हापूर आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात स्वतःच्या हातांनी घडवला. १ जून १९२९ ला शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांनी 'प्रभात' इथेच काढली. पुण्याला ती १९३३ मध्ये गेली. खरी कॉर्नरवरून आपण रोज जातो-येतो, तिथे कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. त्याच गावात प्रभातचा सिनेमा वेडावाकडा दाखवायचा हे मला सहन होत नाही.

ठरलं ते असं : १ डिसेंबरला 'संत तुकाराम'च पुन्हा लावायचा, पण नीट. तिघांनी विरोध केला, "तोच परत?" म्हणून. शेवटी मान्य झालं.

१३ नोव्हेंबर

रात्री हॉल मिळाला. लॅपटॉपवर काळ्या पाटीवर एक पांढरं वर्तुळ काढलं आणि पडद्यावर टाकलं. टेप लावून मोजलं : उंची ५ फूट, रुंदी ६ फूट ८ इंच. म्हणजे ऑक्टोबरमध्ये प्रत्येक माणूस आम्ही तिसऱ्या हिश्श्याने फुगवून दाखवला होता. प्रोजेक्टरच्या मेनूत चित्राचा आकार 'फुल'वर ठेवलेला होता, एवढंच कारण. तो बदलल्यावर वर्तुळ ५ बाय ५ झालं.

आपला पडदा ८ फूट उंच, १४ फुटांहून थोडा जास्त रुंद. बोलपटाच्या त्या काळातल्या चित्राची रुंदी उंचीच्या १.३७ पट असायची, म्हणजे ८ फुटांना जेमतेम ११ फूट. दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटांहून जास्त पांढरं कापड रिकामं राहतं आणि तिथे प्रोजेक्टरचा करडा उजेड सांडतो. डोळा सारखा तिकडेच जातो. बाजूंना काळं मांजरपाट सोडायचं ठरलं. शिंपीमामांनी माप घेतलं, वरून पडद्याच्या रिंगा लावून देणार आहेत, म्हणजे रुंद सिनेमा असेल तेव्हा बाजूला सरकवता येईल.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज काका आले. गावातल्या एका बंद पडलेल्या टॉकीजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. वय अठ्ठ्याहत्तर. जिना चढायला वेळ लागला, पण हॉलमध्ये आल्या आल्या मध्यभागी उभं राहून त्यांनी एक टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकत राहिले. पुन्हा एक टाळी. मग म्हणाले, "ह्यो हॉल बोलतोय. आधी ह्याला गप कर."

जमिनीवर जाजम होतं, भिंती मात्र उघड्या. तालमीत विचारलं तर वस्तादांनी अकरा घोंगड्या काढून दिल्या. मागच्या भिंतीवर सहा आणि दोन्ही बाजूंना उरलेल्या टांगल्या. काकांनी परत टाळी वाजवली. या वेळी आवाज जिथल्या तिथे विरला. जाड लोकर आवाज पिते हे मला ऐकून ठाऊक होतं, स्वतःच्या कानांनी आज कळलं.

दुसरी गोष्ट डब्यांची. जुन्या सिनेमाचा आवाज एकाच वाटेचा असतो, त्याला डावं-उजवं नाही. टॉकीजमध्ये पडद्याला बारीक भोकं असायची आणि कर्णे पडद्यामागे असायचे. काकांचं वाक्य जसंच्या तसं : "आवाज पात्राच्या तोंडातनं आला पाहिजे, खांबातनं न्हवं." दोन डबे कोपऱ्यांतून काढले आणि एकच डबा पडद्याखाली मधोमध ठेवला. तुकारामाची पाच मिनिटं लावून पाहिली. शब्द कळला. आम्ही चौघे होतो, कुणी काही बोललो नाही, पाचाची वीस मिनिटं कधी झाली ते समजलं नाही.

२४ नोव्हेंबर

आठवडा निवडणुकीत गेला, हॉल मिळाला नाही. फक्त कापड शिवून आलं.

१ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी ७ चा खेळ. एकसष्ट माणसं. शेवटी उरली अठ्ठावन्न, आणि उठलेल्या तिघांपैकी एकजण ड्यूटीवर जायचा होता.

सव्वादोन तासांच्या आसपासचा सिनेमा. मध्यंतर कुठे घ्यायचं ते काकांनी आधीच बघून ठेवलं होतं. प्रसंग संपला की, गाण्याच्या मध्ये अजिबात नाही. डीव्हीडीची प्रत आहे, मोठ्या पडद्यावर थोडी मऊ दिसते. त्याला इलाज नाही, आणि लोकांना ते खटकलंही नाही.

मला बघायची होती ती जिजाई. गौरी या बाई प्रभातमध्ये मुळात कामगार म्हणून होत्या असं सांगतात, आणि तिचं ते म्हैस हाकणं, शेण-पाणी, तोंडाचा पट्टा, यातलं काहीही नाटकातून आलेलं वाटत नाही. पोर तापाने फणफणलेलं असताना ती हातात पायताण घेऊन विठोबापुढे उभी राहते तेव्हा मागे बसलेली पोरं हसायला लागली. मग थांबली. ती बाई खरंच चिडली आहे, आणि तिला चिडायचा हक्क आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. ऑक्टोबरमध्ये याच प्रसंगाला लोक मोबाईल बघत होते.

नंतरच्या गप्पांत 'आधी बीज एकले' हा अभंग गाथेत कुठे आहे असं एका भजनी मंडळाच्या बुवांनी विचारलं. तो गाथेत नाही. शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिला आणि केशवराव भोळ्यांनी त्याला चाल दिली. बुवा म्हणाले, आम्ही तीस वर्षं तो तुकोबांचा म्हणून गातो. त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ते उलट खूष झाले आणि आठवल्यांचं नाव वहीत लिहून घेऊन गेले.

एकसष्टांत बायका नऊ. हा आकडा मला बोचतो.

४ डिसेंबर

बायका का आल्या नाहीत ते विचारायला मी आणि बहीण पेठेत दहा-बारा घरी जाऊन आलो. कारणं दोन निघाली, आणि कुठेच 'आम्हाला सिनेमा आवडत नाही' असं कुणी म्हणालं नाही. एक, संध्याकाळी ७ ही स्वयंपाकाची वेळ. दोन, तालीम म्हणजे पुरुषांची जागा. वर बायकांसाठी संडासाची सोय नाही. एका वैनींनी सरळ सांगितलं, "अडीच तास तिथं बसायचं म्हणजे दुपारपासनं पाणी प्यायचं नाही, असंच ना?"

शेजारच्या बालवाडीच्या संचालिकांशी बोललो. रविवारी त्यांचं स्वच्छतागृह उघडून देणार. किल्ली बहिणीकडे राहील. वेळ दुपारी साडेतीनची करायची. पुढचा सिनेमा 'कुंकू' आहे. तो बायकांशिवाय दाखवण्यात अर्थ नाही.

१५ डिसेंबर, रविवार

साडेतीनची चाचणी. दुपारचं ऊन सहा खिडक्यांतून आत येतं, पडद्यावर काही म्हणता काही दिसत नाही. काळं कापड दुहेरी लावलं तरी उजेड पाझरतो. आमच्यातला एकजण शिरोळकडचा, त्याने शेतातला उरलेला मल्चिंग पेपर आणला, एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने काळा. चंदेरी बाजू बाहेर, काळी आत, कडेने पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठोकून बसवला. दार लावलं तर हातातला हात दिसेना. टोमॅटोच्या वाफ्यावरचा कागद प्रभातच्या उपयोगी पडला. खर्च शून्य.

मात्र हवा कोंडते. पंखे लागतील. काकांनी वर बघून मान हलवली, पण काही बोलले नाहीत.

२९ डिसेंबर, रविवार

'कुंकू'. त्र्याण्णव माणसं, त्यांत बायका बावन्न. खुर्च्या कमी पडल्या म्हणून पुढच्या बाजूला कुस्तीच्या गाद्या टाकल्या.

काकांनी मान का हलवली होती ते सुरुवातीच्या दहा मिनिटांत कळलं. १९३७ च्या या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. शांतारामांनी ते मुद्दाम टाळलं आहे. घरातले, रस्त्यावरचे, वस्तूंचे आवाज तेवढे ऐकू येतात. गाणंसुद्धा नायिका, नीरा, ग्रामोफोनच्या साथीने म्हणते. तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या, काकासाहेबांच्या, घरातलं भिंतीवरचं घड्याळ हे त्यातलं जवळपास एक पात्रच आहे. आणि आमचे सात पंखे घोंघावत होते. घड्याळ दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मी उठलो, खेळ थांबवला, लोकांना कारण सांगितलं : या सिनेमात शांतता मुद्दाम ठेवलेली आहे, पंख्यांच्या आवाजात ती बुडते आहे, पंखे बंद केले तर चालतील का? थोडी कुजबुज झाली. पुढच्या गादीवरून एक आजी म्हणाल्या, "बंद कर बाळा, मार्गशीर्षाचा गारठा आहे, काय मरत नाही आम्ही." पंखे बंद केले, जिन्याकडचं दार फटीएवढं उघडं ठेवलं, बाहेर चपलांचा आवाज नको म्हणून एक पोरगा बसवला. पहिल्यापासून परत लावला.

ज्याने कुणी हा सिनेमा फोनवर बघितला आहे त्याला मी हात जोडून सांगेन की तो अजून बघायचा राहिला आहे. बोहल्यावर फसवून उभी केलेली शांता आपटेंची नीरा नवऱ्याच्या घरात येते, त्याला नवरा मानायला नकार देते, आणि त्या घरात कुणी बोलत नसताना घड्याळ चालू राहतं. संगीत असतं तर त्याने आपल्याला सांगितलं असतं, इथे रडा, इथे घाबरा. इथे सांगणारं कुणी नाही. त्र्याण्णव माणसं श्वास सांभाळून बसली होती. आरशासमोर काकासाहेब आपलं वय बघतात त्या ठिकाणी केशवराव दात्यांची मला दया आली, आणि दया येते म्हणूनच हा सिनेमा मोठा आहे. शांतारामांनी त्या माणसाला राक्षस केला नाही.

चर्चेला कुणी पुढे येईना. मग त्याच आजी बोलल्या. वय चौऱ्याऐंशी. त्यांचं बोलणं मी घरी आल्या आल्या लिहून काढलं :

"माझ्या आईला बिजवराला दिली होती. पंधराव्या वर्षी. तो चाळिशीचा. आई त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही, मरेपर्यंत नाही. ही पोर बोलली. आईनं हा सिनेमा बघितला असंल का, तेवढंच मी आत्ता बसून मोजत होते. तिचं लग्न सदतीसच्या पुढचं का मागचं ते."

त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. त्यानंतर बायका बोलायच्या थांबेनात, बालवाडीची किल्ली द्यायला रात्रीचे आठ वाजले. कथा ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरची आहे हे सांगितल्यावर तिघींनी ती कुठे मिळेल म्हणून विचारलं.

बाकी नोंद : पंखे आता कुठल्याच खेळाला नाहीत. मार्चपासून वेळ परत संध्याकाळची करावी लागेल, पण ७ ची नाही.

८ जानेवारी २०२५

एका सभासदाने घरच्या माळ्यावर सापडलेला पत्र्याचा डबा आणला. आत १६ मिलिमीटरचं रीळ, वरची चिठ्ठी वाळवीने खाल्लेली. सगळ्यांना वाटलं, काकांच्या ओळखीने कुठूनतरी मशीन आणू आणि चालवून बघू. काकांनी झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि लगेच मागे घेतलं. मला वास घ्यायला सांगितला. व्हिनेगरचा. लोणच्याच्या कारखान्यासारखा.

जुन्या फिल्मची पट्टी अ‍ॅसिटेटची. उष्णतेत आणि दमटपणात ती तुटू लागते आणि त्यातून हे आम्ल सुटतं. सुटलेलं आम्ल कुजणं आणखी वाढवतं आणि शेजारच्या रिळालाही लागतं. पट्टी आकसते, मग कडेच्या भोकांमधलं अंतर मशीनच्या दात्यांशी जुळत नाही. काकांनी रिळाचं सुटं टोक उजेडात धरलं. कडा लाटांसारख्या वळल्या होत्या. "चालवलं तर पहिल्या फुटातच भोकं फाटत जातील. ह्यात काय आहे ते बघायचं असेल तर हे चालवू नको."

मला ते फार लागलं. बघायची इच्छा हीच त्याला मारणारी. डबा आता घट्ट बंद न करता, कोरड्या, गार खोलीत वेगळा ठेवला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र लिहिलं, वर्णन आणि फोटो जोडले. १९६४ मध्ये ते सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी डबे गोळा करत देश पालथा घातला, तोपर्यंत आपले कितीतरी मूकपट गेलेही होते. त्याहून जुन्या नायट्रेट पट्ट्या तर पेट घेणाऱ्या. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत त्यांतल्या कित्येक जळाल्या, प्रभातच्याही. आमच्या डब्यात कदाचित कुणाच्या लग्नाची चित्रफीत असेल. तरी तो नीट जायला पाहिजे.

१९ जानेवारी, रविवार

परवानग्या. थोडक्यात, कारण दुसऱ्या मंडळांकडून सारखी विचारणा होते. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क तो प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे १९६४ पर्यंतचे सिनेमे या वर्षी, २०२५ मध्ये, मोकळे झाले. त्यानंतरच्या सिनेमाला हक्कधारकाचं लेखी पत्र हवंच, तिकीट असो वा नसो.

'सामना' या सिनेमासाठी लिहिलेल्या पत्राला उत्तर नाही. ऊसपट्ट्यात, गळीत हंगाम चालू असताना तो दाखवावा अशी माझी फार इच्छा होती. मारुती कांबळेचं काय झालं हा मास्तरचा प्रश्न आणि निळूभाऊंचा हिंदुराव, दोन्ही आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. पुढच्या हंगामाला बघू. 'अशी ही बनवाबनवी'चं पत्र मात्र आलं.

२६ जानेवारी

फुटबॉल. २ फेब्रुवारीला दुपारी शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाचा सामना आहे. म्हणजे पेठेत कुणीही नसणार. सिनेमाचा खेळ ९ तारखेला ढकलला.

९ फेब्रुवारी, रविवार

'अशी ही बनवाबनवी', १९८८. एकशे सत्तेचाळीस माणसं. जिन्यात बसली होती. हॉलला यापेक्षा जास्त माणसं झेपणार नाहीत, पुढच्या वेळी चिठ्ठ्या द्याव्या लागतील.

मंडळात वाद होता की हा 'अभिजात'मध्ये बसतो का. माझं मत स्पष्ट आहे : छत्तीस वर्षांनी, सिनेमा आला तेव्हा ज्यांचे आईबाप शाळेत होते ती पोरं प्रत्येक संवाद नटाच्या आधी म्हणत असतील तर आणखी कसला दाखला हवा? औषधाच्या सत्तर रुपयांचा प्रसंग येणार म्हणून अर्धा मिनिट आधीच हॉल गप्प झाला, आणि मग सगळ्यांनी मिळून तो म्हटला, अशोक सराफांच्या थांब्यांसकट. तो थांबा सगळ्यांना पाठ आहे. शब्द पाठ होणं सोपं, थांबा पाठ होणं म्हणजे त्या नटाने काय काम केलं असेल.

'कुंकू'ला लावलेला शांततेचा नियम इथे लावायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. पण हशात पुढचं वाक्य बुडू नये म्हणून काका आवाजाच्या बटणावर बोट ठेवून बसले. हसू चढलं की दोन रेघा वर, उतरलं की दोन रेघा खाली. एकशे सत्तेचाळीस माणसांपैकी हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. मी पूर्ण सिनेमाभर पडद्याऐवजी त्यांचं बोट बघत होतो. नंतर विचारलं तर म्हणाले, पिटातल्या लोकांसाठी हे रोजच करावं लागायचं, रात्रीच्या खेळाला जास्त.

सुधीर जोशींच्या घरमालकावर आजी सर्वांत जास्त हसल्या. येताना नातीला घेऊन आल्या होत्या.

१६ फेब्रुवारी

मार्चसाठी 'सांगत्ये ऐका', १९५९. अनंत मान्यांचा, हंसा वाडकर आणि जयश्री गडकर. पुण्यात विजयानंदला हा १३१ आठवडे चालला. वसंत पवारांचं संगीत आहे आणि त्यात ढोलकी, म्हणून आवाजाची व्यवस्था परत तपासायला हवी. घोंगड्यांमुळे शब्द स्वच्छ झाला पण ढोलकीची थाप दबते की काय अशी काकांना शंका आहे. बाजूच्या दोन घोंगड्या काढून बघायचं.

संग्रहालयाला परत एक पत्र टाकलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

चाचणी. बाजूच्या पाचही घोंगड्या काढल्या : थाप मोकळी, पण गदिमांचे शब्द चिकटतात. दोन काढल्या : दोन्ही जमतात. पडद्याजवळच्या दोन काढायच्या, मागच्या सहा तशाच राहतील. कुठल्या खिळ्यावर काय ते भिंतीवर खडूने लिहून ठेवलं आहे. प्रोजेक्टरच्या स्टुलाच्या चार पायांभोवती ऑइलपेंटने खुणा केल्या, म्हणजे झाडलोट करताना हललं तरी परत तिथेच बसेल. वर्तुळ मोजलं, ५ बाय ५.

काकांना खालपर्यंत सोडायला गेलो. जिन्यात थांबून म्हणाले, पुढच्या वेळी एखादं पोरगं माझ्याजवळ बसव, आवाजाच्या बटणापाशी. 'कुंकू'च्या वेळी चपलांपाशी बसवलेला तो पोरगा खालीच उभा होता. त्याला विचारलं. येतो म्हणाला.